दहा पैशांचं पान

आमच्या घरी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी गॅसवर दूध ठेवलं की आई सोप्यात येते, प्रिंटर चालू करते आणि एक पान काढते. त्या पानावर ना कुणाचा हिशेब असतो, ना अर्ज. काळ्या, निळ्या, गुलाबी आणि पिवळ्या बारीक रेघांची जाळी असते, बस्स. आई ते पान खिडकीपाशी धरते आणि कुठे रेघ तुटलीय का बघते. पिवळी रेघ पांढऱ्या कागदावर तिला दिसता दिसत नाही, तिच्यासाठी मला हाक मारते. सगळं ठीक असलं की म्हणते, “हाय, चालतंय.” मग पान उलटं करून फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवते. कोऱ्या बाजूवर दुधाचा हिशेब, गॅस लावल्याची तारीख, भिशीचा नंबर. आपल्या मंडळातली एक मैत्रीण घरी आली होती. ती म्हणाली, “तुमच्याकडं वाणसामानाची यादी पण रंगीत कागदावर?”

तिला तेव्हा हसून टाळलं. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, ते इथे देते.

बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आधी पगार निम्मा झाला, मग नोकरीच गेली. दोन-तीन महिने ते नुसते बसून होते. मग ओळखीच्या दुकानदारांचे जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे हिशेब घरूनच करायला लागले. सोप्यात खिडकीशी आजोबांचं टेबल होतं, त्यावर कॉम्प्युटर आला. त्यालाच आम्ही ‘ऑफिस’ म्हणतो. कुणी आलं की आजी टीव्ही बंद करून आत जाते, तेवढाच काय तो ऑफिसचा थाट.

सुरुवातीला प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे जायचं. पानाला तीन रुपये. पेन ड्राइव्ह घेऊन मीच जायची. जून-जुलैत दिवसातून चार चार फेऱ्या व्हायच्या, तेही बेळगावच्या पावसात. शेवटी २०२१ च्या जूनमध्ये बाबांनी प्रिंटर घ्यायचं ठरवलं. दुकानदारानं व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. मशीन साधारण तेरा हजारांचं. काळ्या शाईच्या एका बाटलीत साडेचार हजार पानं, खोक्यावरच छापलेलं. बाटलीची किंमत भागिली पानं, म्हणजे पानाला जेमतेम दहा पैसे. आणि बाहेर तीन रुपये दरानं साडेचार हजार पानांचे किती? साडेतेरा हजार. “म्हणजे पहिल्या बाटलीतच मशीन फुकट की ओ,” असं म्हणून त्यानं ते कार्ड बाबांच्या खिशात घातलं.

हिशेबात चूक काहीच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेले माझे बाबासुद्धा त्यात चूक काढू शकले नाहीत. चूक कुठे होती ते आम्हाला दोन वर्षांनी कळलं. साडेचार हजार पानं छापायची असतील तर दहा पैसे. आमच्याकडे छापायला तेवढी पानं होती कुठे?

बाबांच्या वहीत पानांचा आकडासुद्धा असतो, ती त्यांची जुनी सवय. जून-जुलैत रिटर्नची घाई, तेव्हा अकराशेच्या आसपास पानं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑडिटची कामं, त्यात तीनशे. उरलेले आठ महिने महिन्याला चाळीस, फार तर पन्नास, तीही बहुतेक वीस तारखेच्या आसपास, जीएसटीचं रिटर्न भरायच्या वेळी. बाकी सगळं पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर. म्हणजे वर्षाला सतराशे पानं. त्या हिशेबानं काळी बाटली अडीच वर्षं पुरायला हवी होती. ती दीड वर्षात संपली.

उरलेली शाई कुठे गेली हे समजायला आधी हे मशीन चालतं कसं ते समजायला हवं. बाजूच्या टाक्यांतून बारीक नळ्यांनी शाई हेडकडे जाते. हेडला केसापेक्षाही बारीक भोकं असतात, त्यांना नोझल म्हणतात. त्यांतून शाईचे थेंब कागदावर उडतात. शाई पातळ, पाण्यात कालवलेली. छपाई चालू असली तर ती वाहती राहते. मशीन आठ-पंधरा दिवस पडून राहिलं की नोझलच्या तोंडाशी ती सुकते आणि भोक बुजतं. पुढचं पान काढलं की अक्षरांतून पांढऱ्या रेघा जातात. आठाचा तीन वाटतो, तीनाचा काय वाटतो ते विचारू नका. हिशेबाच्या कागदावर हे चालत नाही.

यावर उपाय मशीनमध्येच दिलेला असतो, हेड क्लीनिंग. बटण दाबलं की मशीन घरघर करतं, नोझलमधून शाई खेचून घेतं आणि बुजलेलं मोकळं करतं. छान. पण ती खेचलेली शाई टाकीत परत जात नाही. मशीनच्या पोटात खाली एक स्पंजासारखं पॅड असतं, त्यात ती जिरते. एकदा क्लीनिंग करून भागलं नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यातूनही भागलं नाही तर ‘पॉवर क्लीनिंग’ नावाचा मोठा प्रकार आहे, त्यात टाकीतली शाई डोळ्यांदेखत खाली उतरते. पहिल्या वर्षी गणपतीनंतर, दीड महिना टॉवेलखाली झाकून ठेवलेलं मशीन बाबांनी उघडलं तेव्हा आम्ही त्या मोठ्या प्रकारापर्यंत पोचलो होतो. चार पानं छापायची होती.

आमच्या गावचं हवामानही या यंत्राच्या बाजूचं नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. ढगांचा गडगडाट सुरू झाला की आजी ओरडते आणि आई धावत जाऊन मेन स्विच बंद करते. आमच्या शेजारी एकदा वीज पडून टीव्ही जळाला होता, तेव्हापासूनची ही रीत आहे. आता हा प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला तर तो हेड नीट कडेला नेऊन झाकून ठेवतो. छपाई चालू असताना थेट वीजच गेली तर हेड जिथं असेल तिथं उघडं राहतं आणि शाई आणखी लवकर सुकते. हे माहितीपुस्तिकेत लिहिलंय. पण गडगडाट चालू असताना माहितीपुस्तिका कोण आठवतो? आणि पावसाळ्यात तर कागदच ओल धरतो. एकाच्या जागी दोन पानं खेचली जातात, मध्येच अडकतात. पाचशे कागदांचं रीम आम्ही कपाटात लोकरीच्या कपड्यांशेजारी ठेवतो. पाठपोट छापायचं तर पानं हातानं उलटायची, स्कॅनला एकेक पान काचेवर ठेवायचं, ही रडगाणी वेगळी. त्यांची सवय होते.

सवय झाली नाही ती त्या देखरेखीची. झेरॉक्सवाल्या काकांनी बाबांना सांगितलं होतं, “दोन-तीन दिवसांनी एक तरी रंगीत पान काढत जावा, म्हणजे बुजणार नाही.” बाबा दोन आठवडे विसरले. मी तर परीक्षेत होते, निदान मी तसं म्हणाले. तिसऱ्या आठवड्यापासून ते काम आईकडे गेलं. कुणी तिला सांगितलं नाही, तिनं मागितलंही नाही. घरात रोज पाणी घालायच्या कुंड्या, विरजण, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी, हे सगळं जसं तिच्याकडे गेलं तसंच हेही. दुकानदाराच्या कार्डावरच्या दहा पैशांत शाई होती. आईचे सोमवार-गुरुवार त्यात नव्हते. हे मी बाबांना एकदा बोलून दाखवलं. ते वही मिटून म्हणाले, “ते कुठल्या खात्याला टाकू सांग.” चेष्टेत म्हणाले, पण त्यानंतर काही दिवस गुरुवारचं पान त्यांनी स्वतः काढलं.

एवढं करूनही २०२३ च्या जुलैत व्हायचं ते झालंच. तारीख २८, शुक्रवार, संध्याकाळ. रिटर्नची शेवटची तारीख ३१. रिटर्न ऑनलाइनच भरतात, पण बाबांची निम्मी गिऱ्हाईकं जुन्या वळणाची. आकडेमोड कागदावर बघितल्याशिवाय आणि त्यावर सही केल्याशिवाय ती ‘भरा’ म्हणत नाहीत. बावीस जणांचे कागद काढायचे राहिले होते. तिसऱ्याच्या मध्यात मशीन थांबलं, दोन लाल दिवे आळीपाळीनं लुकलुकायला लागले आणि स्क्रीनवर संदेश आला, की शाई शोषणारं पॅड भरलंय, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा.

टाक्या जवळजवळ भरलेल्या. नोझल साफ. कागद तयार. आणि मशीन एक अक्षर छापायला तयार नाही. आत एक मोजणी चालू असते. किती वेळा साफसफाई झाली, किती शाई खाली गेली, ते मशीन मोजत राहतं आणि ठरावीक आकडा झाला की स्वतःला कुलूप लावतं. शाई पोटातून बाहेर येऊन टेबलभर पसरू नये म्हणून ही सोय आहे, हे मला मान्य आहे. पण याचा अर्थ असा, की नोझल बुजू नये म्हणून जेवढं जपावं, तेवढं पॅड लवकर भरतं. आईनं दोन वर्षं केलेली काळजी मशीन मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी मोहरमची सुट्टी, मग रविवार. सर्व्हिस सेंटर सोमवारी उघडणार, आणि फोनवर आधीच सांगितलेलं, की तीन दिवस लागतील. रात्री बाबा इंटरनेटवर मोजणी शून्यावर आणायचे उपाय शोधत बसले होते. कसलीतरी अनोळखी फाइल उतरवून घ्यायची होती. ज्या कॉम्प्युटरवर साठ लोकांचे पॅन आणि पासवर्ड आहेत त्यावर ती चालवायला त्यांचा हात धजला नाही. सकाळी मी पुन्हा पेन ड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावर. दर आता पाच रुपये झाला होता. शनिवार आणि रविवार मिळून दोनशे साठ पानं, तेराशे रुपये. काकांनी शेवटचे पन्नास घेतले नाहीत. म्हणाले, “काय ओ, घरचं मशीन रुसलं काय?”

मंगळवारी मशीन सर्व्हिस सेंटरला न्यायचं होतं. मी आणि बाबा स्कूटरवरून गेलो, मी मागे बसून मांडीवर आडवं धरलेलं. टाकीतल्या शाईचं मशीन तिरकं करायचं नसतं, हे आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं, म्हणजे माझा पंजाबी ड्रेस बघितल्यावर. गुलाबी आणि निळा मिळून जांभळा होतो, ते शाळेत शिकलेलं खरं आहे. पॅड बदलून मिळालं, मोजणी शून्यावर आली. हेडही पुढंमागं जाणार असं तिथल्या पोरानं सांगितलं. त्याची किंमत ऐकून बाबा काही बोलले नाहीत. नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास होती.

इथवर जे झालं ते आमच्या खिशाचं आणि आमच्या कपड्यांचं. पुढचं तसं नाही.

वडगावच्या एक काकू आहेत. घरात दोन यंत्रमाग, नवरा-बायको मिळून साड्या विणतात. दसरा-दिवाळीच्या आधी सूत भरायला पैसे लागतात म्हणून त्यांनी मुद्रा योजनेतलं कर्ज मागितलं होतं, किशोर गटातलं, म्हणजे पन्नास हजारांच्या वरचं. बँकेनं हिशेबाची पत्रकं मागितली, पुढच्या वर्षाच्या अंदाजासकट. बाबांनी ती तयार केली, आमच्याच मशीनवर छापली आणि ओळखीच्या सीएंकडून सही-शिक्का आणून दिला. ऑगस्टचा महिना. काकू कागद पदराखाली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसनं गेल्या. पिशवीला कुठंतरी बारीकसं भोक होतं.

दुपारी त्या परत आल्या. छत्री बाहेर न ठेवता तशाच आत आल्या. “भाऊ, हे बघा की ओ काय झालंय.” वरच्या तीन पानांच्या डाव्या अंगाला पाणी लागलं होतं. तेवढ्या भागातले आकडे गायब झाले नव्हते, पसरले होते. करड्या ढगासारखे डाग, आणि त्या डागांच्या कडेला निळसर झाक. सीएंची बॉलपेनची सही मात्र जशीच्या तशी. बँकेतल्या साहेबांनी कागद हातातसुद्धा घेतले नव्हते.

आमच्या मशीनमधली काळी शाईसुद्धा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची होती. काही टाकीवाल्या मशीनांत काळी शाई वेगळी असते, तिच्यात रंगाचे बारीक कण असतात. ती कागदावर बसली की पाण्याला बरीच टिकते. हे आपण विचारायचं असतं. आम्ही विचारलं नव्हतं, कारण आमचा सगळा विचार पैशात चालला होता. बाबांनी नवी पानं काढली, या वेळी कोपऱ्यावरून. पण सीए पुण्याला गेलेले, ते आठवड्यानं आले. तोवर त्या महिन्यातली मंजुरीची प्रकरणं पुढं गेली होती. काकूंचं कर्ज झालं, झालं नाही असं नाही. पण पाच आठवडे उशिरा. मधल्या काळात त्यांनी सूत व्यापाऱ्याकडून उधारीवर उचललं, जास्त भावानं. किती जास्त ते त्यांनी सांगितलं नाही. दिवाळीत लाडवाचा डबा घेऊन आल्या तेव्हा बाबांना त्यांच्याकडे बघवेना. फी त्यांनी घेतलीच नव्हती, पण त्यानं काय होतं? काकू म्हणत होत्या, “पिशवी माझी फाटकी होती, तुमचा काय दोष.” बाबा नुसतं “बसा, चहा घ्या” म्हणत राहिले.

त्या रात्री त्यांनी एक काम केलं. आमच्या मशीनवरचं एक पान, कोपऱ्यावरच्या काकांचं एक पान, दोन्ही बशीत ठेवून वर चमचाभर पाणी टाकलं. आमचं पान मिनिटाभरात पसरलं. काकांचं भिजून लगदा व्हायला आलं तरी आकडे वाचता येत होते. त्यांचं मशीन लेझरचं. त्यात शाई नसतेच, प्लास्टिकची बारीक पूड असते आणि ती उष्णतेनं कागदावर वितळून चिकटते. पडून राहिली तरी सुकायला तिच्यात पाणीच नाही. दोन महिन्यांनी चालू केलं तरी पहिलं पान स्वच्छ. पान महाग पडतं, हे खरं. बाबांनी काढलेल्या हिशेबात रुपयाच्या आसपास.

मी त्या टाकीवाल्या मशीनवर अन्याय करणार नाही. आपल्या मंडळाचं गेल्या वर्षीचं भित्तिपत्रक त्याच्यावरच छापलं होतं, वारली चित्रांच्या चौकटीसकट, आणि सरांनी विचारलं होतं की एवढी रंगीत छपाई परवडली कशी. परवडली, कारण शंभर रंगीत पानांना खरंच काही लागत नाही. शिकवणीवाल्या बाई असतील, रोज पन्नास प्रश्नपत्रिका काढत असतील, त्यांनी हेच घ्यावं. शाई वाहती राहील, पॅडही सावकाश भरेल. आमच्यासारखं दोन महिने पूर आणि आठ महिने दुष्काळ असलेलं काम मात्र त्याला मानवत नाही. आणि घरून चालणारी बरीचशी कामं अशीच असतात, हंगामी. हे दुकानात कुणी विचारत नाही. बाबांचा फोंड्याचा भाचा परवा फोनवर कुठला प्रिंटर घेऊ विचारत होता. बाबांनी त्याला कंपनी सांगितली नाही, किंमत सांगितली नाही. “तीन महिने वहीत पानं मोज, मग फोन कर,” म्हणाले. त्याचा अजून फोन आलेला नाही, बहुतेक त्यानं घेऊन टाकलाय.

आता टेबलावर एक जुना लेझर प्रिंटर आहे, फक्त काळ्या छपाईचा, बंद पडलेल्या एका ऑफिसातून घेतलेला. सही-शिक्क्याचा प्रत्येक कागद त्यावरच निघतो. टाकीवालं मशीन खालच्या फळीवर गेलं. बाबा विकायचं म्हणत होते, पण जुनं सामान घेणाऱ्यानं पंधराशे रुपये सांगितले, आणि धाकटी नववीत आहे, तिचे प्रोजेक्ट सगळे रंगीत. ती दहावी होईपर्यंत ठेवायचं ठरलंय. त्यामुळे सोमवार-गुरुवार चालू आहेत. आजचं पान मी बघितलं, पिवळी रेघ एका जागी तुटलीय. आईला अजून सांगितलं नाही. सांगितलं की ती क्लीनिंगचं बटण दाबेल.